सात ताटल्या आणि फ्रिजवरचा डबा

बिस्किटकाकीला बिस्किटकाकी म्हणायला सुरुवात कोणी केली, ते आता कोणालाच आठवत नाही. दूधवाला, खालच्या मजल्यावरचा शिंपी, विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस, सगळे तिला त्याच नावानं हाक मारतात आणि ती ओ देते. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एक मध्यम आकाराचा ओव्हन आहे, खिडकीशी एक लांब टेबल आहे, आणि त्या टेबलावर बारा महिने कोणाच्या ना कोणाच्या आनंदाची तयारी चालू असते. नव्या बाळासाठी बुटांच्या आकाराची बिस्किटं, नव्या दुकानासाठी किल्लीची, निवृत्त होणाऱ्या मास्तरांसाठी चष्म्याची, लग्नासाठी नवरानवरीची नावं घातलेली. आधी घट्ट आयसिंगची बारीक रेघ काढून कुंपण घालायचं, मग पातळ आयसिंग त्यात सोडायचं, बुडबुडे सुईनं फोडायचे आणि पंख्याखाली वाळत ठेवायचं. मध्येच कोणी बोलायला आलं तर काकी मान वर न करता "हं" म्हणते. त्या "हं"चा अर्थ "नंतर या" असा आहे, हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे.

या धंद्यात तिचा एकच नियम होता. बिस्किट पाटीसारखं सपाट हवं. फुगता कामा नये, पसरता कामा नये, आणि तडा तर अजिबात जाता कामा नये. बिस्किटाला तडा गेला की वरच्या आयसिंगलाही जातो, आणि नवरीच्या नावाचे दोन तुकडे झालेलं बिस्किट लग्नघरात कोण घेणार? तडा गेलेला माल ती टेबलावरून अशी बाजूला सारायची की जणू त्याच्याशी आपली ओळखच नाही. तो माल संपवण्याचं काम काकांकडे. काका बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखून निवृत्त झालेले. बायकोच्या चुका खाऊन आपली तब्येत चांगली राहिली आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तर या बिस्किटकाकीच्या मुलानं स्वीडनमधल्या मुलीशी लग्न ठरवलं. काकीची हरकत नव्हती. खरं तर हरकत घ्यायला तिला फुरसतच मिळाली नाही, कारण बातमी कळताच ती साच्यांच्या मागे लागली. लग्न तिकडे होतं आणि काका-काकी जाणार होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या नावाचं एकेक बिस्किट बरोबर न्यायचं असं ठरलं. मुलानं नावं कळवली, त्यातली निम्मी काकीला उच्चारता येईनात, पण हात मुका असला तरी काढतो म्हणत तिनं सगळी काढली. निघायच्या आदल्या दिवशी माळ्यावरचा आणखी एक साचा काढायला ती स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगलं आणि काकी खाली आली. डावा पाय मोडला.

"तुम्ही तरी जा," ती काकांना म्हणाली.

"मी एकटा तिथे जाऊन काय उभा राहू? मला तिथे ओळखतं कोण?" काका म्हणाले आणि बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवू लागले.

म्हणून लग्न फोनवर पाहिलं. मुलाच्या मित्रानं तिकडे फोन धरायचं कबूल केलं होतं. थोडा वेळ धरला, मग त्यालाही खायला जायचं असणार, त्यानं तो एका टेबलावर फुलदाणीला टेकवून ठेवला. ते टेबल नेमकं बिस्किटांचं होतं. त्यामुळे पोटच्या पोराच्या लग्नात काकीनं काय पाहिलं, तर सात ताटल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची कोपरं. मधेच सूनबाई वाकून फोनपाशी आली. मराठी शिकत होती, जपून बोलायची.

"आई, तुम्हाला दिसतं का?"

"दिसतं गं, सगळं दिसतं," काकी म्हणाली.

त्या सातही ताटल्या विहीणबाईंच्या घरच्या, असं मुलानं नंतर सांगितलं. काकीनं नावं घालून केलेली बिस्किटं इथेच राहिली होती. ती हाडांच्या दवाखान्यातल्या नर्सनी खाल्ली. आवडली त्यांना, त्यातल्या त्यात तेवढंच समाधान.

काकीला रडू आलं नाही. राग आला, पण कोणावर ते समजेना. मुलाचं लग्न झालं आणि त्यात आपल्या हातचं चिमूटभरसुद्धा काही नव्हतं, ही गोष्ट तिला प्लास्टरच्या आतल्या खाजेसारखी छळत राहिली. कुठे खाजतंय ते कळत होतं, बोट मात्र पोचत नव्हतं. मग प्लास्टरचा पाय त्याच स्टुलावर ठेवून तिनं काय केलं, तर दिसलं तेवढं आणि मुलानं मागाहून पाठवलेल्या फोटोंतलं लग्न बिस्किटांवर काढलं. ज्या पायऱ्यांवर फोटो काढले त्या पायऱ्या, गळ्यात फीत बांधलेला कुत्रा, विहीणबाईंची पिवळी टोपी, आणि एका मोठ्या बिस्किटावर सगळ्यांचा एकत्र फोटो. वाळल्यावर ती एका पेटीत बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवली आणि काकांना बजावलं, कोणाला दाखवायचं नाही.

पुढच्या वर्षी मुलगा, सूनबाई आणि विहीणबाई इकडे येणार असं ठरलं. त्याआधी फोनवर सगळे समोरासमोर बसले. विहीणबाई म्हणजे एक उंच, हसऱ्या बाई. आपल्या गावाच्या आसपास गाडीतून टपाल वाटायच्या. त्या काहीतरी बोलल्या आणि मुलानं अर्थ सांगितला. "आई, त्या म्हणतात, तुम्ही काही त्रास घेऊ नका. पाहुण्यांसाठी सातही प्रकारची बिस्किटं त्या तिकडूनच डब्यात भरून आणतील."

बोलण्यात काही वाकडं नव्हतं. माणूस प्रेमानं बोलतं ते असंच. पण काकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लग्नाचीही बिस्किटं त्यांचीच, आणि आता माझ्या घरी, माझ्या टेबलावर, माझ्या पाहुण्यांना बिस्किटं घालणार त्याही त्यांचीच?

"त्यांना सांग, बिस्किटं आणू नका," काकी म्हणाली. "सात प्रकार मी करीन. त्यांचेच सात."

"अगं, तुला कशाला उगाच..."

"सांग म्हटलं ना."

मुलानं सांगितलं. विहीणबाईंनी मान डोलावली. सूनबाईंनी सावकाश समजावलं, "आई, सातच हवेत. माझ्या आजीच्या वेळची पद्धत. कमी केले तर लोक म्हणतात कंजूस. जास्त केले तर म्हणतात, तोरा दाखवते."

"सहा नाहीत की आठ नाहीत. सात," काकी म्हणाली आणि शब्द देऊन बसली.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? त्या आणतच होत्या."

"जमलं नाही तर काय होईल ते मला ठाऊक आहे," काकी म्हणाली. "त्या 'छान' म्हणतील आणि पाणी पितील. तेवढं एक मला नको आहे."

पुढे काकांनी तो विषय काढला नाही, पण त्यांची थोरली बहीण गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ह्या वन्सं दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या आणि कोणाकडेही गेल्या तरी दाराच्या आत पाऊल टाकताच वास घेऊन निकाल द्यायच्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, तू बूट काढ, चष्मे काढ, कोण नाही म्हणतंय? पण त्या बाईच्या जन्माचं खाणं तू तिलाच करून घालणार? बाजारातून चार डबे आण आणि मोकळी हो."

आता बाजारातून आणायचं म्हणजे काकीला मरण बरं. तिनं सूनबाईंकडून एकेक कृती मागवून घेतली. कृती सगळ्या आजीच्या, म्हणजे अर्ध्याच. जे सगळ्यांनाच माहीत असतं ते आजी कशाला सांगेल? सूनबाई म्हणाली, करून झालं की फोटो पाठवा, मी बघते. काकीनं फोटो एकही पाठवला नाही. "आल्यावर बघ," एवढंच. ताकास तूर लागू द्यायची नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

सुरुवात मात्र अशी झाली की वन्संचंही तोंड बंद व्हावं. बिस्किटांच्या आधी कॉफीबरोबर गोड पाव द्यायचा असतो, वेलदोडे घातलेला. पिठाची पट्टी पिळायची, दोन बोटांभोवती गुंडाळायची आणि शेंडी खाली खोचून गाठ मारायची. काकीच्या पहिल्या गाठी ओव्हनमध्ये सुटल्या, दुसऱ्या खेपेच्या जरा आळसावल्यासारख्या बसल्या, आणि तिसऱ्या खेपेला अशा फुगून सोनेरी झाल्या की काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्यावर जाड दाणेदार साखर लागते. ती मिळेना, तर काकीनं साखरेचे चौकोनी खडे फडक्यात घालून लाटण्यानं ठेचले. मग रासबेरीचा मुरंबा भरलेली, मधे बोटानं खळगा केलेली बिस्किटं जमली. काळ्यापांढऱ्या चौकड्यांची जमली. बदाम लावलेल्या कांड्या जमल्या. पाकाची वडी गरम असतानाच तिरकी कापायची, ती एकदा कापायची राहिली आणि काकांना हातोडी लागली, पण तीही जमली. चॉकलेटच्या पट्ट्या जमल्या. आल्याचं बिस्किट तर असं पातळ आलं की काकीनं ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि स्वतःशीच हसली.

सहा प्रकार हातात आले. राहिला सातवा.

सातव्याचं तिकडचं नाव म्हणे स्वप्नं. पांढरी, गोल, हलकी बिस्किटं. फोनवरून लग्न पाहिलं तेव्हा त्यांची ताटली सगळ्यात मागे होती, धूसर दिसत होती. कृतीत एक जिन्नस होता, तो सूनबाईंनी शब्दकोश बघून सांगितला. हरणाच्या शिंगाचं मीठ. काकी वाण्याकडे गेली आणि सरळ तेच मागितलं. वाण्यानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"काकी, घरी सगळं ठीक आहे ना?"

शेवटी बेकऱ्यांना माल देणाऱ्या दुकानात उलगडा झाला. दुकानदार म्हणाला, पूर्वी ते शिंगांपासून काढायचे म्हणून ते नाव, आता कारखान्यात होतं, बेकरीवाले त्याला नुसतं अमोनिया म्हणतात. त्यानं पांढऱ्या पुडीची बरणी दिली आणि बजावलं, झाकण उघडून वास घेऊ नका. काकीनं घरी येऊन पहिलं काम कोणतं केलं असेल ते सांगायला नको. तासभर तिचे डोळे पुसणं चाललं होतं.

पण बरणीतला वास परवडला. बिस्किटं ओव्हनमध्ये गेली तसा जो दर्प सुटला, त्यानं काकांनी नाकाला रुमाल बांधून सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि शिंपी धावत वर आला. "काकी, मोरी तुंबली का तुमची? प्लंबर बोलावू?" काकीचा चेहरा पडला. महिन्याभरावर पाहुणे, आणि घराला मुतारीचा वास. पण बिस्किटं निवली तसा दर्पही गेला, कुठे गेला कळलंसुद्धा नाही. उरली ती पांढरीशुभ्र, हलकी, टपोरी बिस्किटं. आणि एकूण एक तडकलेली. टाचेला भेगा पडाव्यात तशा वरून भेगाच भेगा.

"गेलं सगळं," काकी म्हणाली.

काकांनी एक तोंडात टाकलं. "अगं, हे तोंडात घातलं की नाहीसंच होतं."

"नाहीसं होण्यात काय कौतुक? बिस्किट म्हटलं की चावायला हवं."

"मला तर आवडलं."

"तुम्हाला पुठ्ठा दिला तरी आवडेल. टाकून द्या सगळी."

काकांनी मान डोलावली, पण बिस्किटं टाकली नाहीत. फ्रिजवर औषधांच्या खोक्यांमागे एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात ती भरून ठेवली आणि दुपारच्या चहाला गुपचूप काढू लागले. दुसरी खेप तडकली. तिसरी तर अशी तडकली की काकी ओव्हनपुढे खुर्ची घेऊन काचेतून बघत बसली, आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक बिस्किट उमलून फुटलं. डब्याची मात्र चैन झाली.

मग काकीनं आपल्या धंद्याची सगळी अक्कल पणाला लावली. अमोनिया नावापुरता ठेवला. पीठ लाटलं, थंड केलं, साच्यानं कापलं. बिस्किटं पाटीसारखी सपाट आली. त्यांवर तिनं पांढऱ्या आयसिंगचा थर दिला, आणि प्रत्येकावर नेमकं एकेक निळं फूल काढलं, पाच पाकळ्यांचं, मधे पिवळा ठिपका. वाळल्यावर ताटलीत मांडली तर ती काचेची वाटत होती. बघून काकीच्या जिवात जीव आला. चवीला जरा घट्ट होती, पण दिसायला अशी की दुकानाच्या काचेत ठेवावीत.

पाहुणे आले. विहीणबाई फोनमध्ये दिसायच्या त्याहून उंच निघाल्या आणि दारातून आत येताना थोड्या वाकल्या. टपालाच्या पिशव्या उचलून त्यांचे हात रुंद झाले होते. त्यांनी काकीचे दोन्ही हात त्यात घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. बिस्किटं आणली नव्हती, शब्द पाळला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची चार माणसं आली, शिंपी आला, वन्सं आल्या. आत येताच त्यांनी वास घेतला, आणि निकाल राखून ठेवला.

टेबलावर सात ताटल्या होत्या. विहीणबाईंनी त्या बोटानं मोजल्या आणि काकीकडे बघून मान लववली. मग सगळ्यांना कॉफी दिली.

वेलदोड्याच्या गाठीचा पहिला घास घेतला आणि विहीणबाई चावायच्या थांबल्या. मग त्यांनी दुसरी गाठ उचलली, पहिली हातात असतानाच. सूनबाईंच्या तोंडून काहीतरी निघालं, त्याचा अर्थ मुलानं सांगितला नाही, पण सगळ्यांना कळला. मुरंब्याची खाल्ली, चौकड्यांची खाल्ली. कांडी कॉफीत बुडवून खाल्ली. पाकाची वडी दाताला चिकटली तेव्हा विहीणबाईंनी गालावर हात ठेवून डोळे मिटले. आल्याचं बिस्किट त्यांनी तळहातावर ठेवून मधोमध बोटानं दाबलं, त्याचे तीन तुकडे झाले आणि त्या हसल्या. तसंच मोडायला हवं असतं म्हणे. काकी खुर्चीच्या कडेवर बसून हे बघत होती आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. वन्संनी दुसऱ्यांदा ताटली पुढे केली, यातच निकाल आला.

मग विहीणबाईंनी सातव्या ताटलीतलं निळ्या फुलाचं बिस्किट उचललं. फूल निरखून पाहिलं. चावलं. कट्ट असा आवाज आला.

"आई, ही कोणती?" मुलानं विचारलं.

"स्वप्नं," काकी म्हणाली.

सूनबाई आपल्या कपात बघू लागली. विहीणबाईंनी घास गिळला. एक शब्द बोलल्या, तो काकीला दुभाष्याशिवाय समजला. छान. मग पाणी प्यायल्या आणि उरलेलं अर्धं बिस्किट बशीच्या कडेला ठेवलं.

जन्मभर लोकांना बिस्किटं विकणाऱ्या बाईला बशीच्या कडेला ठेवलेलं अर्धं बिस्किट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सहा ताटल्यांचं कौतुक एका अर्ध्या बिस्किटानं पुसून टाकलं, असं तिला वाटलं. वन्संनीही ते पाहिलं होतं.

विहीणबाई उठल्या आणि रिकामा कप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तिथे फ्रिजपाशी काका उभे होते. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यापासून आयसिंगची बिस्किटं त्यांना बंद होती, म्हणून ते आपल्या डब्यातलं काढून चहात बुडवत होते. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग विहीणबाईंचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं, आणि त्या डबा दोन्ही हातांत धरून बाहेर आल्या. मागून काका आले, मिशीला पांढरा भुगा लागलेला.

विहीणबाईंनी विचारलं, मुलानं मराठीत सांगितलं, "आई, त्या विचारतायत, हा डबा लपवला का?"

"लपवला कुठे? टाकायचा होता," काकी म्हणाली. "फुटलेली आहेत ती. सगळी तडकली. यांना टाका म्हटलं तर यांनी..."

मुलानं तिकडे सांगितलं. विहीणबाईंनी एक बिस्किट काढून सगळ्यांना दिसेल असं वर धरलं, आणि त्या भेगांवरून बोट फिरवत बोलू लागल्या. मुलगा थांबत थांबत सांगत गेला.

"त्या म्हणतात, भेगा पडायलाच हव्यात. भेग पडली म्हणजे आतून हलकं झालं. त्यांची आई म्हणायची, भेग न पडलेलं स्वप्न कोंबड्यांना घाला."

काकीच्या मनात असतं तर अजूनही निभावून नेता आलं असतं. मला ठाऊक होतं, डब्यातली मुद्दामच वेगळी ठेवली होती, असं म्हटलं असतं तर शेजाऱ्यांना खरं वाटलं असतं, आणि वन्संनाही. काकीनं निळ्या फुलांच्या ताटलीकडे पाहिलं. प्रत्येक फुलाच्या पाच पाकळ्या होत्या आणि एकीचीही रेघ हललेली नव्हती.

"म्हणजे मी महिनाभर कोंबड्यांचं खाणं सजवत होते," ती म्हणाली.

आधी वन्सं हसल्या, मग शिंपी, आणि मुलानं अर्थ सांगितल्यावर विहीणबाई अशा हसल्या की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. काकीनं स्वतः उठून फुलांची ताटली टेबलावरून काढली आणि त्या जागी डब्यातली तडकलेली बिस्किटं मांडली. साताचे आठ होऊ दिले नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काका पुटपुटले. तो कळसा आपण राखला, हेही त्यांनी जाता जाता सांगून घेतलं.

विहीणबाई खाली बसल्या आणि त्यांनी ते बिस्किट तोंडात ठेवलं. चावलं नाही. जरा वेळानं त्यांचा चेहरा बदलला आणि त्या हळू आवाजात लेकीशी बोलल्या. सूनबाईंनी आईचा हात धरला आणि या वेळी तिनंच सांगितलं.

"माझी आई म्हणते, अगदी आजीसारखं. आई म्हणते, आजी गेल्यापासून तिच्या हातून हे होत नाही. कधी बसतं, कधी जळतं. लग्नात ही ताटली दुकानातून आणली होती. कोणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही."

काकीला हे समजायला थोडा वेळ लागला. ज्या टेबलाकडे बघून ती वर्षभर झुरत होती, त्याच्यावर सहाच ताटल्या घरच्या होत्या. सातवी तिच्या फ्रिजवर होती आणि तिचा नवरा ती रोज चहात बुडवून खात होता.

"वहिनी, निम्मा डबा मला बांधून दे," वन्सं म्हणाल्या. कोणाच्याही घरी त्यांनी असं मागितल्याचं काकांनी या वयापर्यंत ऐकलं नव्हतं.

विहीणबाईंनी बाजूला ठेवलेली फुलांची ताटली पुन्हा पुढे ओढली होती. खायला नव्हे, बघायला. एवढी बारीक रेघ हातानं काढतात कशी, असं त्या विचारत होत्या. काका म्हणाले, "अगं, ती पेटी दाखव ना त्यांना."

"तुम्हाला सांगितलं होतं ना, कोणाला..."

पण काका पेटी आणायला गेलेसुद्धा. बटर पेपर उलगडत विहीणबाईंनी एकेक बिस्किट टेबलावर मांडलं. पायऱ्या. फीतवाला कुत्रा. स्वतःची पिवळी टोपी पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. सात बारीक ताटल्यांचं टेबल, आणि कडेला कोणाचं तरी कोपर. शेवटी ते मोठं बिस्किट, सगळ्यांचा एकत्र फोटो. त्यावरून त्यांचं बोट सावकाश फिरत गेलं. लेक, जावई, आपण, बहीण, कुत्रा. मग बोट थांबलं आणि त्यांनी काकीकडे पाहिलं.

"त्या विचारतायत, तुम्ही दोघं कुठे आहात?" मुलगा म्हणाला.

"आम्ही कुठे होतो तिथे?" काकी म्हणाली. मुलानं ते भाषांतर करायला तोंड उघडलं आणि त्याला करवेना. शेवटी सूनबाईंनी केलं.

विहीणबाईंनी हात पुढे केला. आयसिंगची पिशवी हवी होती. काकीनं पांढरी भरून दिली, कशी धरायची ते बोटं लावून दाखवलं. त्या बाईनं आयुष्यात ती कधी धरली नव्हती. पिशवी जोरात दाबली गेली आणि बिस्किटाच्या रिकाम्या कोपऱ्यात, त्यांच्या स्वतःच्या चित्राला लागून, एक मोठा गोळा पडला. ते डोकं होतं. मग खाली वाकडं अंग आलं. हात एकच आला, दुसरा काढायला जागा राहिली नाही. काकीची बोटं सुई उचलायला शिवशिवत होती. एवढा एक बुडबुडा फोडला असता, एवढी कड नीट केली असती, तर निदान बाईमाणूस दिसलं असतं. तिनं तो हात मांडीखाली दाबून धरला.

विहीणबाई मधेच थांबल्या आणि काहीतरी विचारलं.

"आई, कोणता पाय?" मुलगा म्हणाला.

"डावा," काकी म्हणाली.

विहीणबाईंनी डावा पाय जाड काढला. प्लास्टरचा. मग काकांकडे पाहिलं, उरलेल्या जागेकडे पाहिलं, आणि काकांच्या नावानं कडेला एक ठिपका दिला. काका म्हणाले, चालेल, मी गर्दीत मागे उभा होतो.

ते बिस्किट आता बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. लोक येतात, सुबक चेहरे बघत जातात आणि कोपऱ्यातल्या त्या गोळ्यापाशी थबकतात. हे लहान मुलानं काढलं का, असं विचारतात. काकी म्हणते, नाही, ही मी, माझ्या मुलाच्या लग्नात. त्या चित्राची कड नीट करावी असं तिला अजूनही रोज वाटतं. कपाट पुसते, काच लावते आणि ओव्हनकडे जाते.